अकराव्या दिवसाचा हिशेब

मुंबईहून इगतपुरीला येणाऱ्यांचे सध्या दोन ठळक वर्ग आहेत. एक शुक्रवारी संध्याकाळी गाडी काढतो, पाऊस, धुके आणि रिसॉर्ट यांत दोन रात्री घालवतो आणि रविवारी परतीच्या गर्दीत अडकतो. दुसरा धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर मोबाइल जमा करतो, पहाटे चारच्या घंटेला उठतो, नऊ दिवस कोणाशी अवाक्षर बोलत नाही, दहाव्या दिवशी मौन सोडतो आणि अकराव्या दिवशी सकाळी बॅग उचलून स्टेशनची वाट धरतो. सत्यनारायण गोएंका यांनी १९७६ मध्ये इथे विपश्यनेची शिबिरे सुरू केली आणि रेल्वेचे म्हणून ओळखले जाणारे हे घाटमाथ्यावरचे गाव जगभरच्या साधकांना ठाऊक झाले. या दोन वर्गांना एका पंगतीला बसवणे अन्यायाचे होईल. दुसऱ्याचे कष्ट खरे आहेत. तरी दोघांच्याही बोलण्यात एक वाक्य हटकून येते, ‘जरा शांती हवी होती.’ आणि दोघांनीही एक गोष्ट मनोमन धरून चाललेली असते: आपण परत जाणार ती जागा होती तशीच राहणार, सुधारायचे आहे ते फक्त आपले मन, तेसुद्धा त्याच जागी आणखी काही वर्षे तग धरता यावा म्हणून. या लेखाचा विषय तो अकरावा दिवस आहे. त्याच्याविषयी साक्ष काढायची आहे ती समृद्धी महामार्गाने इथून काही तासांवर असलेल्या खुलताबादच्या, चौदाव्या शतकातल्या सूफींची.

सूफींचा आजच्या जगण्याशी काय संबंध, या प्रश्नाचे तयार उत्तर बाजारात भरपूर मिळते. रूमीच्या नावावर खपणारी, त्याने लिहिली असतील-नसतील अशी वाक्ये कॉफीच्या मगावर छापली जातात, चित्रपटात एखादी कव्वाली घातली की निर्मात्याला सर्वधर्मसमभावाचे पुण्य पदरात पडते, आणि ‘प्रेम हाच धर्म’ एवढे म्हटले की व्याख्यान संपते. दुसऱ्या टोकाला खुलताबादचे नाव वर्तमानपत्रात येते ते औरंगजेबाच्या कबरीच्या वादापुरते. मार्च २०२५ मध्ये तर त्या वादाने नागपुरात दंगल झाली. या दोन्ही गडबडींत मूळ माणसे काय सांगत होती हे बाजूलाच राहते. माझे म्हणणे असे की दख्खनच्या चिश्ती संप्रदायाच्या सूफींकडून आज घ्यावे असे सगळ्यात कमी जर काही असेल तर ती शांती. शांतीची दुकाने आपल्याकडे पुरेशी आहेत. त्यांच्याकडे जे आहे आणि आपल्याकडे नाही ते म्हणजे हिशेब. साधना केली, ठीक; तिचा लाभ कोणाला झाला? अन्न खाल्ले, ठीक. ते कोणाकडून आले, ताटात येण्याआधी किती जणांच्या समोरून गेले? हे प्रश्न त्यांनी अध्यात्माच्या आत ठेवले होते. आपण ते उचलून अर्थशास्त्राच्या, फार तर समाजसेवेच्या खात्यावर टाकले.

याचा पुरावा एका पुस्तकात आहे आणि त्या पुस्तकाचा कर्ता खुलताबादच्या मातीत आहे. अमीर हसन सिजझी हा दिल्लीतला कवी, लष्कराच्या चाकरीत असलेला, तरुणपणी रंगेल म्हणून प्रसिद्ध. शेख निजामुद्दीन औलिया यांच्या बैठकांना तो १३०८ ते १३२२ या काळात जात राहिला आणि तिथे काय बोलणे झाले ते टिपत गेला. त्या टिपणांचा ग्रंथ म्हणजे ‘फवाइद-उल-फुआद’. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास देवगिरीला दौलताबाद करून दिल्लीची माणसे इकडे हलवली, तेव्हा अमीर हसन आला, आणि निजामुद्दीनांचे वृद्ध शिष्य बुर्हानुद्दीन गरीबही आले. बुर्हानुद्दीन १३३७ मध्ये वारले. दोघेही खुलताबादलाच राहिले. या ग्रंथात निजामुद्दीन उपासनेचे दोन प्रकार सांगतात. एक लाजिमी, म्हणजे जिचा लाभ करणाऱ्यापुरताच राहतो: नमाज, रोजा, हज, जप. दुसरी मुतअद्दी, म्हणजे जी करणाऱ्याला ओलांडून दुसऱ्यापर्यंत पोचते: भुकेल्याला जेवू घालणे, कोणाची नड भागवणे, कोणाशी ममतेने वागणे. पहिलीत मन निर्मळ नसेल तर ती स्वीकारली जाईल की नाही याची धास्ती असते. दुसरी कशीही केली तरी तिचे फळ मिळते आणि त्या फळाला माप नाही, असे त्यांचे मत. नमाज पाच वेळा पढणारा, वर्षातले बरेच दिवस रोजे धरणारा माणूस हे सांगतो आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. त्यांनी पहिली टाकली नाही. ती पुरी पडत नाही एवढेच सांगितले. आता ही फूटपट्टी आपल्या साधनांना लावून पाहा. ध्यानाचे ॲप, श्वासाचे वर्ग, मौनाची सुट्टी, डोंगरातले ‘रिट्रीट’, सगळे लाजिमी आहे. त्याची जाहिरातही तशीच असते: तुमची झोप सुधारेल, तुमची एकाग्रता वाढेल, तुमची कामगिरी उंचावेल. ‘तुमच्या शेजाऱ्याला बरे वाटेल’ अशी जाहिरात कोणी केलेली नाही.

निजामुद्दीनांविषयीच्या दोन गोष्टी चिश्ती परंपरेत फार सांगितल्या जातात. पहिली रोजाच्या दिवसांतली. पहाटे त्यांच्यापुढे ताट ठेवले तर दोन घास घेऊन ते थांबत. सेवकाने आग्रह केला की म्हणत, मशिदीच्या कोपऱ्यांत आणि दुकानांच्या पायऱ्यांवर इतकी माणसे उपाशी पडली असताना हा घास घशाखाली उतरायचा कसा? दुसरी यमुनेकाठची. नदी दोन पावलांवर असताना एक बाई विहिरीचे पाणी शेंदताना त्यांना दिसली. एवढे कष्ट का, असे विचारल्यावर ती म्हणाली, घरात खायला नाही, आणि नदीचे पाणी पाचक, ते प्यायले की भूक खवळते. म्हणून आम्ही विहिरीचे पितो. ऐकून त्यांचे डोळे भरून आले आणि तिच्या घरखर्चाची सोय त्यांनी लावून दिली. या गोष्टी अक्षरशः घडल्याच असतील असा हट्ट मला धरायचा नाही. परंपरेने आपल्या गुरूचे मोठेपण सांगण्यासाठी कोणते प्रसंग निवडले, हे महत्त्वाचे. पाण्यावरून चालणारा, हवेत उडणारा गुरू रंगवणे सोपे होते. इथे मोठेपण म्हणून नोंदले गेले ते एवढेच, की शेजारची बाई पाणी कुठून भरते इकडे त्यांचे लक्ष गेले, त्यांनी कारण विचारले आणि कारण ऐकल्यावर भाषण न देता व्यवस्था केली. मन एकाग्र झाले याची खूण आपण ‘विचार थांबले’ ही धरतो. त्यांच्या लेखी खूण वेगळी होती: आजवर न दिसलेले दिसू लागले का?

पैशाच्या बाबतीत तर हे लोक फारच काटेकोर. न मागता आलेली देणगी, तिला ते ‘फुतूह’ म्हणत, घ्यायला हरकत नव्हती. पण ती साठवायची नाही. निजामुद्दीनांच्या खानकाहात, म्हणजे मठात, शुक्रवारच्या नमाजाआधी कोठार रिकामे करून झाडून घेण्याची पद्धत होती. त्यांचे गुरू बाबा फरीद यांच्याकडे बलबन, तेव्हा तो सुलतान झालेला नव्हता, रोख रक्कम आणि चार गावांची सनद घेऊन आला. बाबांनी रोकड घेतली, तिथल्या तिथे वाटून टाकली आणि सनद परत केली. या एका कृतीत बरेच काही आहे. रोकड आज येते, आज जाते. सनद मात्र दर वर्षी सुगीच्या वेळी तुम्हाला सुलतानाची आठवण करून देते. गाव वसूल करायला कारकून लागतो, कारकुनावर कारभारी लागतो, आणि मग राजाच्या विरुद्ध तोंड उघडण्यापूर्वी फकीर चार वेळा विचार करू लागतो. सुलतानाने भेटीचा हट्ट धरला तेव्हा आपल्या घराला दोन दारे आहेत, सुलतान एकातून आत आला तर आपण दुसऱ्यातून बाहेर जाऊ, असे निजामुद्दीनांनी कळवले, ते याच शहाणपणातून. दख्खनेत हा ताठपणा बुर्हानुद्दीनांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराजी यांनी दाखवला. बहमनी सुलतान पहिला मुहम्मदशाह याने निष्ठेची शपथ मागितली. सुलतान मद्य पितो म्हणून जैनुद्दीनांनी ती नाकारली. शहर सोडून जाण्याचा हुकूम आला तेव्हा ते उठून बुर्हानुद्दीनांच्या कबरीपाशी गेले, काठी जमिनीत रोवली, चटई अंथरली आणि आता कोणी उठवायचे त्याने उठवावे म्हणून बसले. नमते सुलतानालाच घ्यावे लागले. फिरिश्ता या इतिहासकाराने हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

इथे कोणी विचारील, आणि विचारावेच, की पैसा कुठून आला हे शोधणे आज शक्य तरी आहे का? पगार एका कंपनीचा, कंपनीत पैसा भलत्याच देशातल्या फंडाचा, फंडात कोणाच्या तरी निवृत्तीची शिल्लक. आपल्या एका भाजीच्या पिशवीत निम्मे जग गुंतलेले असते. स्वच्छ कमाई शोधायला निघालेला माणूस आठवड्यात हात टेकेल. प्रश्न रास्त आहे, पण तो चौदाव्या शतकातही इतकाच रास्त होता. दिल्लीचा पैसा म्हणजे मोहिमांतली लूट आणि शेतकऱ्याच्या पाठीवरचा सारा. १३२० मध्ये खुस्रोखानाने तख्त बळकावून दिल्लीतल्या शेखांना खजिन्यातून भरमसाट रकमा वाटल्या. निजामुद्दीनांकडे आलेली रक्कमही मोठी होती. पुढे गियासुद्दीन तुघलकाने ती परत मागितली तेव्हा त्यांनी सांगितले की पैसा लोकांचा होता, लोकांत वाटून टाकला. पैसा मुळात शुद्ध असतो असा भ्रम या लोकांना नव्हता. म्हणून त्यांनी नियम केला तो मुख्यतः पैसा आपल्याजवळ किती वेळ थांबतो आणि तो घेतल्यावर आपली जीभ बांधली जाते का, या दोन गोष्टींवर. हे दोन प्रश्न आजच्या पगारदारालाही विचारता येतात, आणि त्यांची उत्तरे शोधायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. भरमसाट व्याजाने कर्ज देणारे ॲप बनवणारा अभियंता कर्जदाराच्या नातेवाइकांना फोन लावण्याची सोय त्यात घालतो आणि सकाळी अर्धा तास श्वासावर लक्ष ठेवतो. त्याचे ध्यान खोटे आहे असे मी म्हणणार नाही. ते लाजिमी आहे, आणि घराच्या हप्त्याने त्याची जीभ बांधली आहे.

धम्मगिरीवर हा आरोप जसाच्या तसा लागू होत नाही, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. तिथे पहिल्याच दिवशी शीलाचे नियम घ्यावे लागतात, शिबिराला शुल्क नाही, दान घेतले जाते ते ज्याने किमान एक शिबिर पुरे केले त्याचेच, आणि शेवटी मंगल मैत्रीची साधना असते. गोएंका ज्यांच्याकडे शिकले ते सयाजी ऊ बा खिन हे तर स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. त्यांनी आपल्या कार्यालयातच कर्मचाऱ्यांना विपश्यना शिकवली आणि त्या खात्यात लाच घेणे अवघड करून ठेवले. सरकारी हिशेब तपासणारा माणूस ध्यानगुरू व्हावा हा योगायोग मला फार बोलका वाटतो. म्हणजे दोष पद्धतीत नाही. दोष आपण ती ज्या गरजेपोटी उचलतो त्या गरजेत आहे. शील हा शिबिराचा पाया असल्याचे प्रवचनात रोज सांगितले जाते. आपण मात्र परत आल्यावर मित्रांना सांगतो ते पाठ किती दुखली आणि नंतर किती हलके वाटले ते.

मग दोन उपासनांची सांगड घालायची कशी? रोजच्या धबडग्यात? नक्शबंदी सूफींनी यासाठी ‘खल्वत दर अंजुमन’ असे सूत्र ठेवले, गर्दीतला एकांत. पण सूत्रापेक्षा मला दख्खनी बायकांचे जाते अधिक पटते. विजापूरच्या चिश्ती सूफींनी दख्खनी बोलीत ‘चक्कीनामे’ आणि ‘चरखानामे’ रचले. दळताना, सूत काढताना बायकांनी म्हणायची गाणी. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने त्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे. जात्याचा खुंटा अलिफ अक्षरासारखा उभा, म्हणून तो अल्लाचे नाव. मधला कणा म्हणजे पैगंबर. अशा रीतीने सगळी शिकवण जात्याच्याच अवयवांवर बसवलेली. आपल्या ओव्यांत विठ्ठल जसा दळायला, कांडायला येतो तशीच ही तऱ्हा, आणि एकाच मुलखातल्या बायकांची ती असल्याने नवल वाटायचे कारण नाही. मुद्दा असा की इथे साधनेसाठी काम थांबवायचे नाही. पहाटे उठून दोन पायली दळायचेच आहे, घरातली दहा तोंडे वाट पाहत आहेत. नामस्मरण त्यातच होते, आणि शेवटी हातात पीठ उरते जे दुसऱ्याच्या पोटात जाते. लाजिमी आणि मुतअद्दी एकाच फेऱ्यात. ज्यांना दहा दिवसांची रजा कधीच मिळणार नाही अशा माणसांसाठी अध्यात्म असू शकते का, या प्रश्नाचे उत्तर दख्खनने चारशे वर्षांपूर्वी दिले होते. घरकामाला येणाऱ्या बाईंना, कुरिअर पोचवणाऱ्या मुलाला, रात्रपाळीच्या वॉचमनला ‘रिट्रीट’ परवडत नाही. त्यांच्यासाठी वेगळी लिफ्ट ठेवणाऱ्या सोसायटीला मात्र गच्चीवर ध्यानमंदिर परवडते.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप इतिहासाचा, आणि तो जबरदस्त आहे: सूफी असे होते कुठे? खानदेशच्या फारुकी सुलतानांनी बुर्हानुद्दीनांच्या नावाने बुर्हाणपूर वसवले आणि खुलताबादच्या दर्ग्यांना इनामे दिली. ती घेतली गेली. गुलबर्ग्याच्या गेसूदराजांच्या घराण्याची जहागीर सर्वश्रुत आहे. औरंगाबादची पाणचक्की ज्या नक्शबंदी खानकाहाची, तिथले बाबा शाह पलंगपोश हे मोगल सैन्याच्या तळावर वावरणारे, सैनिकांचे पीर. सनद परत करणाऱ्या बाबा फरीदांची परंपरा सनदांवर जगू लागली, हे खरेच. आणि खुद्द औरंगजेबाची कबर जैनुद्दीनांच्या दर्ग्यात! त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मृत्युपत्रात असे आहे, की टोप्या शिवून मिळालेल्या चार रुपये दोन आण्यांत कफन आणावे आणि कुराणाच्या नकला करून मिळवलेले तीनशे पाच रुपये फकिरांना वाटावेत. म्हणजे बादशहालाही चिश्ती हिशेब ठाऊक होता. पण तो त्याने कफनापुरता मांडला. पंचवीस वर्षे दख्खनेत चाललेली लढाई, उजाड झालेली गावे, दुष्काळ, हे सगळे वहीच्या बाहेर राहिले. मला हा दाखला सूफींच्या विरुद्धचा वाटत नाही. उलट आपल्या सगळ्यांची लबाडी त्यात उघडी पडते: एक कोपरा कमालीचा स्वच्छ ठेवायचा आणि बाकीच्या घराकडे बघायचे नाही. सुलतानापुढे काठी रोवणाऱ्याच्या शेजारी बादशहा निजला म्हणून काठी खोटी ठरत नाही. दर्ग्यांच्या गादीवरच्या इनामदार सज्जादानशीनांना आपण दोष देतो तोही निजामुद्दीनांच्याच मापाने. दुसरे माप आपल्याकडे आहेच कुठे?

दुसरा आक्षेप गुरूशाहीचा. पीरापुढे मुरीदाने संपूर्ण शरण जायचे, ही अट आजच्या माणसाने का मानावी? बुर्हानुद्दीनांचीच गोष्ट घ्या. म्हातारपणी अंग दुखते म्हणून ते घोंगडीची घडी करून तिच्यावर बसू लागले. कोणीतरी जाऊन निजामुद्दीनांना सांगितले की हे आता गुरूच्या गादीवर बसल्यासारखे बसतात. निजामुद्दीन इतके रागावले की त्यांना निघून जायला सांगितले. अखेर कवी अमीर खुस्रो स्वतःचा फेटा गळ्यात गुंडाळून अपराध्यासारखा पुढे उभा राहिला आणि क्षमा मिळवून दिली. परंपरा यातून अहंकाराचा धडा काढते. मला यात एका म्हाताऱ्या माणसावर चहाडीवरून झालेला अन्याय दिसतो, आणि तसे म्हणायला संकोच वाटू नये. या बाबतीत मध्ययुगाची शिकवण तशीच्या तशी घेऊन चालणार नाही. बाबा-बुवांच्या आश्रमांतून काय काय बाहेर पडते हे महाराष्ट्राने पाहिले आहे, आणि नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतरच २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा मिळवला आहे. दर्ग्यांवरचे उतारे, गंडे, भूतबाधेचे इलाज या कायद्याच्या कक्षेतून सुटण्याचे कारण नाही. मात्र चमत्कारांबद्दल निजामुद्दीन काय म्हणत तेही सांगितले पाहिजे: मार्गाचे शंभर टप्पे, चमत्कार त्यातला सतरावा, जो तिथेच अडकला तो उरलेले त्र्याऐंशी कधी चालणार? अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्यांना हे वाक्य दर्ग्याच्या दारात सांगता येईल, बाहेरून आणलेल्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा अधिक हक्काने.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. ममता म्हणजे हक्क नव्हे. विहिरीवरच्या बाईची सोय लागली ती शेखांच्या कृपेने. तिला कोठे दाद मागता येत नव्हती. हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले ते तोंडी तलाकने उघड्यावर पडणाऱ्या बायकांच्या प्रश्नावर, आणि तो प्रश्न कव्वालीने सुटणारा नव्हता. त्याला कायदा हवा होता. सूफींकडून राज्यघटना मिळणार नाही, समान वेतन मिळणार नाही. जे तशी आशा दाखवतात ते सूफींनाही फसवतात आणि दलवाईंच्या लढ्यालाही. माझा दावा त्याहून लहान आहे. कायदा झाल्यावरही घरकाम करणाऱ्या बाईला साप्ताहिक सुट्टी देणारी व्यक्ती घरातलीच असते, आणि ती देताना आपण उपकार करत नसून आपल्याच साधनेचा उरलेला भाग पुरा करत आहोत हे तिला कळावे, इतपत या शिकवणीचा उपयोग आहे. हक्काच्या जागी दया बसवायची नाही. दया आटल्यावर हक्कांचे कागद कसे धूळ खात पडतात हे मात्र आपण कामगार कायद्यांच्या बाबतीत रोज पाहतो.

‘आमच्याकडे ज्ञानोबा-तुकोबा असताना सूफी कशाला?’ असेही विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा धर्मांतराच्या इतिहासाची अढी असते. तिच्यावर या जागेत वाद घालणे शक्य नाही. पण वारकरी परंपरेनेच ही भिंत इतकी उंच ठेवली नव्हती. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादचे, आणि त्यांचे गुरू चांद बोधले हे कादरी सूफी होते असे रा. चिं. ढेरे यांनी साधार मांडले आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत ‘योगसंग्राम’ लिहून संतांच्या मांदियाळीत बसले. खुद्द एकनाथांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला, त्यात दोघेही एकमेकांना खरमरीत ऐकवतात आणि शेवटी गळाभेट घेतात. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली अशी परंपरा आहे. बाबा फरीदांनी परत केलेल्या सनदेच्या शेजारी ती ठेवून पाहा. सावकारीचा कागद हातात ठेवून भजन होत नाही, हे दोन्ही ठिकाणी सारखेच उमगले होते. तेव्हा सूफींचे बाहेरून काही आणायचे आहे असे नाही. जी गोष्ट आपण तुकोबांच्या चरित्रात आख्यायिका म्हणून ऐकून सोडून देतो, तिचा खानकाहांनी दैनंदिन नियम केला होता: कोठार कधी झाडायचे, राजाकडून काय घ्यायचे, काय नाही. आख्यायिकेपुढे हात जोडता येतात. नियमाची अडचण ही, की तो पाळला की नाही हे शुक्रवारी दिसते.

इगतपुरीत हा हिशेब मांडायला फार लांब जावे लागत नाही. महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या तालुक्यांपैकी हा एक. दारणा, भावली, मुकणे ही धरणे इथली. शेजारच्या अप्पर वैतरणेचे पाणी मुंबईच्या नळांना जाते. आणि याच तालुक्यातल्या डोंगराकडच्या आदिवासी वाड्यांवर उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन लांबवर जातात, टँकरची वाट पाहतात. रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावात मे महिन्यात पाणी असते. शांतीच्या शोधात आलेल्याने विहिरीवरच्या बाईची गोष्ट इथे वाचली तर तिला यमुनेपर्यंत न्यायची गरज पडणार नाही. नऊ दिवस मौन पाळणाऱ्याला, किंवा दोन दिवस धुके पाहणाऱ्याला, तेवढी एक विचारपूस अवघड नाही: इथल्या वाडीवर पाणी कुठून येते, योजना कुठे अडली आहे, ग्रामपंचायतीत तिचा कागद कोणाच्या टेबलावर आहे, आणि आपल्या ओळखीने, पैशाने, लिहिण्याने तो हलतो का. मुंबईकराची ओळख मंत्रालयापर्यंत असते, वाडीवरच्या बाईची नसते. ध्यान करावे, जरूर करावे. धम्मगिरीवर नाव नोंदवावे. मात्र अकराव्या दिवशी सकाळी थेट स्टेशन गाठण्याऐवजी एक फेरी पंचायत समितीच्या कचेरीत मारावी, आणि पाणीटंचाईच्या आराखड्यात आपल्या मुक्कामाजवळची वाडी आहे की नाही एवढे तरी विचारून यावे.